बाइकचं शोरूम ते सर्व्हिस सेंटर: 'हँडलिंग चार्ज', रखडलेली दुरुस्ती आणि ग्राहकाचे हक्क, सोप्या शब्दांत

गुढीपाडवा असो की दसरा, मुहूर्ताच्या दिवशी दुचाकीच्या शोरूमबाहेर पाय ठेवायला जागा नसते. हार, नारळ, पेढ्यांचा बॉक्स, चाकाखाली लिंबू आणि मोठ्या आकाराची किल्ली हातात धरून काढलेला फोटो. तो फोटो संध्याकाळपर्यंत स्टेटसला लागतो. काही महिन्यांनी त्याच शोरूमबद्दल दुसरी पोस्ट येते: 'तीन वेळा गाडी दाखवली, आवाज अजून तसाच आहे', 'पार्ट नाही म्हणून पंधरा दिवस गाडी पडून आहे', 'आरटीओच्या नावाखाली जास्तीचे पैसे घेतले'.

या दोन पोस्टच्या मधल्या काळात नेमकं काय बिघडतं? वाहन उद्योगाची संघटना असलेल्या सियामच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या. त्यातल्या सुमारे १ कोटी २२ लाख मोटारसायकली होत्या. अनेक घरांसाठी घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी हीच असते. दूध घालणाऱ्या, पार्सल पोहोचवणाऱ्या किंवा तालुक्याच्या गावी रोज कामाला जाणाऱ्या माणसाची गाडी चार दिवस वर्कशॉपमध्ये अडकली, तर त्याचा चार दिवसांचा रोजगार बुडतो.

थोडक्यात महत्त्वाचं

- शोरूम कंपनीचं नसतं. डीलर हा स्वतंत्र व्यावसायिक असतो.
- 'हँडलिंग चार्ज'ला मोटार वाहन कायद्यात कोणताही आधार नाही.
- विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती करता येत नाही.
- नोंदणीशिवाय (तात्पुरती किंवा कायम) गाडी ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही.
- जॉब कार्ड आणि बिल नसेल, तर पुढे तक्रार टिकवणं अवघड जातं.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

शोरूम नेमकं कोणाचं असतं?

शोरूमवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, कर्मचाऱ्यांच्या शर्टवरही कंपनीचाच लोगो असतो. त्यामुळे ग्राहकाला वाटतं की आपण थेट कंपनीशी व्यवहार करतोय. प्रत्यक्षात डीलर कंपनीकडून गाड्या विकत घेतो आणि स्वतःच्या नावाने पुढे विकतो. जागेचं भाडं, कर्मचाऱ्यांचे पगार आणि गोदामातल्या गाड्यांवरचं व्याज हे सगळं त्याच्या डोक्यावर असतं.

नुसत्या गाडीच्या विक्रीवर डीलरला मिळणारा नफा फार मोठा नसतो. म्हणून विमा, कर्ज, ॲक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी आणि सर्व्हिसिंग यांवर त्याचं गणित अवलंबून असतं. 'साहेब, पॅकेजच घ्या ना' हा आग्रह इथूनच सुरू होतो.

तालुक्याच्या ठिकाणी आणखी एक पायरी असते, ती म्हणजे सब-डीलर. मुख्य डीलर जिल्ह्याच्या गावी असतो आणि तालुक्यातला दुकानदार त्याच्या गाड्या विकतो. बोलणी सब-डीलरशी होतात, पण टॅक्स इन्व्हॉइस आणि नोंदणी बहुतेक वेळा मुख्य डीलरच्या नावे होते. तक्रारीच्या वेळी दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि ग्राहकाचे हेलपाटे सुरू होतात. त्यामुळे पैसे कोणाच्या खात्यात गेले आणि बिलावर कोणाचं नाव व जीएसटी क्रमांक आहे, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवणं महत्त्वाचं ठरतं.

डीलर आणि कंपनी यांच्यातल्या या नात्यावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये एक महत्त्वाचा निकाल दिला. प्रकरण गोव्यातलं होतं आणि चारचाकीचं होतं. ग्राहकाने २०११ सालचं मॉडेल मागितलं होतं. त्याच्या हाती आली ती २००९ मध्ये तयार झालेली आणि आधीच ६०० हून अधिक किलोमीटर चाललेली गाडी. खालच्या तिन्ही ग्राहक मंचांनी डीलरबरोबर कंपनीलाही जबाबदार धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सांगितलं की कंपनी आणि डीलर यांचा व्यवहार दोन स्वतंत्र पक्षांमधला असेल आणि डीलरच्या चुकीची कंपनीला माहिती होती हे सिद्ध होत नसेल, तर कंपनीला त्यासाठी जबाबदार धरता येणार नाही. डीलरवरची जबाबदारी कायम राहिली.

याचा अर्थ सोपा आहे. गाडीत उत्पादनाचा दोष असेल तर प्रश्न कंपनीचाही असतो. पण विक्रीच्या वेळी झालेली फसवाफसवी ही मुळात डीलरची जबाबदारी ठरते. तक्रार करताना हे दोन मुद्दे वेगळे मांडावे लागतात.

विक्रेत्याचा बाजार, ग्राहकाची रांग

दुचाकी विकणाऱ्याचा वरचष्मा ही आजची गोष्ट नाही. परवाना राजच्या काळात बजाजच्या स्कूटरसाठी लोक अनेक वर्षं थांबत. नंबर लावून ठेवायचा आणि मुलाच्या लग्नापर्यंत गाडी येईल अशी आशा करायची, असा तो जमाना होता. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांसोबतच्या भागीदारीतून नव्या मोटारसायकली आल्या, स्पर्धा वाढली आणि ग्राहकाला निवड मिळाली.

तरीही काही वेळा चित्र पुन्हा जुन्या वळणावर जातं. नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा हा ब्रँड भारतात परतला तेव्हा बुकिंगचा पाऊस पडला आणि प्रत्यक्ष गाडीसाठी ग्राहकांना महिनोन्‌महिने थांबावं लागलं. याच्या उलट प्रकार मार्च २०१७ मध्ये दिसला. १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला दिला. मग डीलरकडे पडून असलेल्या गाड्यांवर हजारो रुपयांची सूट जाहीर झाली आणि दोन दिवस शोरूमसमोर झुंबड उडाली. गाडी कमी असली की ग्राहक थांबतो, गाडी पडून राहिली की डीलर झुकतो. सेवेचा सूरही बऱ्याचदा याच हिशोबाने बदलतो.

ऑन-रोड किमतीत काय काय दडलेलं असतं?

जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत. तिच्यात जीएसटी आलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. टॅक्स इन्व्हॉइसवर कराचा दर छापलेला असतो, तो एकदा नजरेखालून घालावा.

ऑन-रोड किमतीत त्यावर हे घटक वाढतात:

- रोड टॅक्स: महाराष्ट्रात दुचाकीसाठी हा कर एकरकमी भरावा लागतो. गाडीची किंमत आणि इंजिनची क्षमता यांवरून तो ठरतो.
- नोंदणी शुल्क: केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नव्या मोटारसायकलच्या नोंदणीचं शुल्क ३०० रुपये आहे. गाडी कर्जावर असेल तर बोजा नोंदवण्याचे ५०० रुपये आणि स्मार्ट कार्डचे २०० रुपये.
- विमा: याबद्दल पुढे सविस्तर.
- ॲक्सेसरीज: सीट कव्हर, क्रॅश गार्ड, मोबाइल होल्डर, टँक कव्हर. हे सगळं ऐच्छिक असतं.

'आरटीओ चार्जेस' या एकाच ओळीखाली मोठी रक्कम लिहिलेली असेल, तर ती फोडून मागावी. सरकारी शुल्काची आणि कराची पावती वाहन पोर्टलवर निघते. डीलरने सांगितलेली रक्कम आणि ती पावती यांत फरक असेल, तर तो कशाचा आहे हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे.

मग हँडलिंग चार्ज? गाडी कंपनीतून शोरूमपर्यंत आणणं, ती धुणं-पुसणं आणि कागदपत्रं करणं या नावाखाली हे पैसे मागितले जातात. कुठे 'लॉजिस्टिक', कुठे 'डॉक्युमेंटेशन', कुठे 'फॅसिलिटेशन' अशी नावं बदलतात. मोटार वाहन कायद्यात किंवा नियमांत अशा शुल्काची तरतूद नाही. महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या परिवहन विभागांनी डीलरना असं शुल्क न घेण्याच्या सूचना दिलेल्या आहेत. तोंडी वाद घालण्यापेक्षा 'या रकमेची वेगळी छापील पावती द्या' एवढं म्हटलं तरी बऱ्याचदा ही ओळ कोटेशनमधून गायब होते.

या तीन गोष्टी ॲक्सेसरीज नाहीत

साडी गार्ड, मागच्या प्रवाशासाठी धरायला हँडल आणि पाय ठेवायला फुटरेस्ट. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ नुसार या गोष्टी मोटारसायकल बनवणाऱ्या कंपनीनेच द्यायच्या आहेत. मागचं चाक किमान अर्धं झाकेल असं संरक्षण असावं, म्हणजे मागे बसलेल्याचा पदर, ओढणी किंवा धोतर चाकात अडकणार नाही, हा त्यामागचा हेतू. या वस्तू 'किट'मध्ये घालून वेगळे पैसे लावले असतील, तर प्रश्न विचारायलाच हवा.

हेल्मेटचंही तसंच. नियम १३८ नुसार दुचाकी खरेदीच्या वेळी भारतीय मानक ब्युरोच्या निकषांत बसणारं हेल्मेट कंपनीने पुरवायचं असतं. अनेक ग्राहकांना हे माहीतच नसतं आणि तेच हेल्मेट ॲक्सेसरीजच्या बिलात येतं.

हाय सिक्युरिटी नंबर प्लेटबाबत नियम स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ही प्लेट कंपनीने पुरवायची आणि डीलरने बसवून द्यायची आहे.

विमा आणि कर्ज: सही करण्याआधी

नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकार ठरवून देतं, त्यामुळे तो सगळ्या विमा कंपन्यांत सारखाच असतो. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा हा हप्ता ३,८५१ रुपये, तर १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये होता, कर वेगळा.

फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात, म्हणजे 'ओन डॅमेज'मध्ये. तो ऐच्छिक आहे आणि त्याचे दर कंपनीगणिक बदलतात. १ ऑगस्ट २०२० पासून हा भाग पाच वर्षांसाठी एकदम घ्यायची पद्धत बंद झाली. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आधीपासून असेल, तर तो प्रत्येक गाडीसोबत पुन्हा घ्यायची गरज नसते.

'आमच्याकडूनच विमा घ्या, नाहीतर क्लेमला त्रास होईल' असं ऐकवलं जातं. विमा नियामक संस्थेने डीलरसाठी २०१७ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आणली. डीलर विमा विकू शकतो, पण ग्राहकावर सक्ती करू शकत नाही. बाहेरच्या दोन कंपन्यांचे दर मोबाइलवर काढून दाखवले, की बऱ्याचदा शोरूममधला दरही खाली येतो.

कर्जाच्या बाबतीत 'फक्त एवढा ईएमआय' हे वाक्य फसवं असतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं. त्यात सगळी शुल्कं धरून वर्षाचा खरा व्याजदर लिहिलेला असतो. ते पान मागून घ्यावं. ईएमआयपेक्षा तो आकडा महत्त्वाचा.

डिलिव्हरीचा दिवस: मुहूर्त आणि घाई

मुहूर्ताच्या दिवशी एकेका शोरूममधून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त गाड्या बाहेर पडतात. मेकॅनिक तेवढेच असतात. डिलिव्हरीआधी गाडीची पूर्ण तपासणी करायची असते, पण घाईत ती कागदावर टिक मारण्यापुरती उरते. सैल चेन, कमी हवा, नीट न बसवलेला आरसा असे प्रकार मग पहिल्याच दिवशी दिसतात.

यावर सोपा उपाय म्हणजे गाडी एक-दोन दिवस आधी शांतपणे पाहून घेणं आणि मुहूर्ताला फक्त पूजा करून ताबा घेणं. तेव्हा हे तपासावं:

- चॅसिस आणि इंजिन नंबर कागदांशी जुळतो का?
- विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष काय आहे?
- मीटरवर किती किलोमीटर दिसतात?
- टाकीवर ओरखडे, रंगाचा फरक, नट-बोल्टवर गंज आहे का?
- दोन्ही चाव्या, टूलकिट, ओनर्स मॅन्युअल, वॉरंटी बुक मिळालं का?
- बॅटरीचा अनुक्रमांक वॉरंटी कार्डावर लिहिला आहे का?

गाडी आवडली नाही तर आणि तरच नाही म्हणता येतं, ते नोंदणी होण्याआधी. एकदा गाडी नावावर चढली की बदलून मिळणं फार कठीण असतं. म्हणून तपासणी नोंदणीच्या आधीच करावी.

आणखी एक नियम लक्षात ठेवावा. तात्पुरती किंवा कायम नोंदणी झाल्याशिवाय डीलरने गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नसते. 'घेऊन जा, नंबर चार दिवसांत येईल' असं म्हणून विनानोंदणी गाडी हातात दिली आणि वाटेत अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यापासून पोलीस कारवाईपर्यंतचं सगळं ओझं ग्राहकावर येऊ शकतं.

सर्व्हिस सेंटर: कागद बोलतो

विक्री विभागात चहा विचारला जातो, सर्व्हिस विभागात टोकन दिलं जातं. ग्राहकांच्या नाराजीचा मोठा भाग इथेच तयार होतो. त्यामागे काही ठरावीक कारणं असतात. एकाच सर्व्हिस ॲडव्हायझरकडे सकाळच्या दोन तासांत ढीगभर गाड्या येतात. तो ग्राहकाचं म्हणणं ऐकतो, जॉब कार्डवर 'जनरल चेकअप' असं लिहितो आणि गाडी आत जाते. प्रत्यक्ष काम करणाऱ्या मेकॅनिकशी ग्राहकाची भेटच होत नाही. 'तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर, गाडी तापल्यावर आवाज येतो' ही तक्रार त्याच्यापर्यंत पोहोचते ती 'आवाज येतो' एवढीच.

म्हणून जॉब कार्ड हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. त्यावर चार गोष्टी असायला हव्यात: ग्राहकाने सांगितलेली तक्रार त्याच्याच शब्दांत, किलोमीटर, अंदाजे खर्च आणि गाडी परत मिळायची वेळ. शक्य असेल तर ॲडव्हायझरला सोबत घेऊन एक चक्कर मारावी आणि आवाज तिथेच ऐकवावा.

बिल हातात आल्यावर पाहायच्या गोष्टी:

- न विचारता केलेली कामं: टेफ्लॉन कोटिंग, इंजिन फ्लश, चेन क्लीनिंग यांसारख्या ओळी.
- बदललेले पार्ट: जुना पार्ट परत मागावा. ब्रेक शू किंवा एअर फिल्टर खरंच बदललं की नाही, हे त्यावरून कळतं. वॉरंटीत बदललेला पार्ट मात्र डीलरला कंपनीकडे पाठवावा लागतो.
- फ्री सर्व्हिस म्हणजे काय: मजुरी फुकट असते. ऑइल, फिल्टर आणि इतर खर्चाच्या वस्तूंचे पैसे बहुतेक वेळा द्यावेच लागतात. 'फ्री म्हणून सांगितलं आणि बिल लावलं' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा या गैरसमजात असतं.

महिला ग्राहकांचा अनुभव आणखी वेगळा असतो. गाडी त्या चालवतात, पैसे त्या देतात, पण बिघाड मात्र सोबत आलेल्या भावाला किंवा नवऱ्याला समजावून सांगितला जातो. तक्रार जॉब कार्डवर स्वतःच्या नावाने आणि सहीने नोंदवली, की बोलण्याचा रोख बदलायला मदत होते.

'सर, दहापैकी दहा द्या'

सर्व्हिस झाल्यावर दोन दिवसांत कंपनीकडून फोन किंवा मेसेज येतो: 'तुम्ही आमच्या सेवेला किती गुण द्याल?' त्याआधीच डीलरकडच्या मुलाने विनंती केलेली असते, 'सर, फोन आला तर दहापैकी दहा द्या, नाहीतर आम्हाला ऐकून घ्यावं लागतं.'

ही विनंती खोटी नसते. अनेक कंपन्यांमध्ये डीलरचा प्रोत्साहन भत्ता आणि कर्मचाऱ्यांचं मूल्यमापन या गुणांशी जोडलेलं असतं. पण त्याचा परिणाम असा होतो की कंपनीच्या मुख्यालयात पोहोचणारं चित्र छान दिसतं आणि गाडीतला आवाज तसाच राहतो. कर्मचाऱ्याची अडचण समजून घेऊनही खरा अनुभव सांगणं शक्य आहे: 'कर्मचाऱ्यांची वागणूक चांगली, दुरुस्ती अपुरी' असं वेगवेगळं नोंदवावं. काम अर्धवट असताना पूर्ण गुण दिले, तर पुढे हाच प्रतिसाद ग्राहकाच्या विरोधात दाखवला जाऊ शकतो.

वॉरंटी, दोष आणि रिकॉल

वॉरंटीचा अर्थ 'काहीही बिघडलं तरी फुकट' असा होत नाही. क्लच प्लेट, ब्रेक शू, बल्ब, टायर यांसारखे झिजणारे भाग बहुतेक वेळा वगळलेले असतात किंवा त्यांच्या अटी वेगळ्या असतात. ठरलेल्या अंतरावर अधिकृत केंद्रात सर्व्हिस झाली नसेल, तर दावा नाकारला जाऊ शकतो.

नवीन गाडीत वारंवार तोच बिघाड येत असेल तर 'गाडी बदलून द्या' ही मागणी स्वाभाविक असते. पण मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची हमी असेल, तर थेट संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही. म्हणजे गाडी बदलून हवी असेल, तर दोष मूळ उत्पादनातला आहे आणि दुरुस्तीने तो जात नाही, हे दाखवावं लागतं. त्यासाठी एकाच तक्रारीची अनेक जॉब कार्डं हा सर्वांत भक्कम पुरावा. ग्राहक आयोग गरज पडल्यास गाडीची तज्ज्ञांकडून तपासणीही करून घेऊ शकतो.

काही वेळा दोष एका गाडीत नसतो, संपूर्ण बॅचमध्ये असतो. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलमधल्या दोषामुळे २,३६,९६६ मोटारसायकली तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. अशा रिकॉलमध्ये दुरुस्ती मोफत असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सरकारलाही कंपनीला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. जुनी बाइक घेणाऱ्याने चॅसिस नंबर टाकून कंपनीकडे एकदा चौकशी करावी, कारण रिकॉलचा निरोप पहिल्या मालकाच्या नंबरवर जातो.

डीलरच नसेल तर सेवा सुधारते का?

मधला माणूस काढला की कटकट संपेल, असं अनेकांना वाटतं. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बाजारात हा प्रयोग झाला. ओला इलेक्ट्रिकने स्वतंत्र डीलर न नेमता थेट स्वतःच्या स्टोअरमधून विक्री केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला कारणे दाखवा नोटीस बजावली. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षभरात राष्ट्रीय हेल्पलाइनवर कंपनीविरोधात १०,६४४ तक्रारी आल्या होत्या. त्यातल्या ९९.१ टक्के तक्रारी सोडवल्याचं कंपनीने नंतर सांगितलं. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातल्या कलबुर्गी इथे सेवेला वैतागलेल्या एका ग्राहकाने शोरूमलाच आग लावली. त्याच्या हाती न्याय लागला नाही, गुन्हा मात्र दाखल झाला.

दुसरा धोका कंपनी निघून जाण्याचा. सप्टेंबर २०२० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने भारतातलं उत्पादन आणि स्वतःची विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं. महिन्याभरात हिरो मोटोकॉर्पशी करार झाला आणि विक्री-सेवेची सोय झाली. पण मधल्या काळात लाखो रुपयांची गाडी घेतलेले ग्राहक आणि शोरूममध्ये पैसे घातलेले डीलर, दोघेही टांगणीला लागले होते. गाडी घेताना मायलेजइतकंच जवळ सर्व्हिस सेंटर आहे का आणि पार्ट सहज मिळतात का, हे पाहायचं ते यासाठी.

तक्रार कुठे करायची?

पायऱ्या वगळून थेट कोर्टात जाण्यापेक्षा हा क्रम उपयोगी पडतो:

१. डीलरचा मॅनेजर: तोंडी नव्हे, ईमेल किंवा लेखी अर्ज. पोच घ्यावी.
२. कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र: तक्रार क्रमांक, जॉब कार्ड, बिल, व्हिडिओ जोडावेत.
३. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५: मराठीसह १७ भाषांत तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण कंपनीपर्यंत तक्रार नेऊन तडजोड घडवते.
४. जिल्हा ग्राहक आयोग: मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर इथे जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही, म्हणजे बहुतेक दुचाकी त्यात येतात. वकील सक्तीचा नाही. ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो, त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची असते. ऑनलाइन तक्रारीसाठी ई-जागृती पोर्टल आहे.

प्रश्न नोंदणी किंवा जादा शुल्काचा असेल तर प्रादेशिक परिवहन कार्यालय, विम्याचा असेल तर विमा लोकपाल आणि कर्जाचा असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, अशी वेगळी दारं आहेत.

महाराष्ट्राला या लढ्याची जुनी परंपरा आहे. १९७५ मध्ये सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत ही १९८६ चा पहिला ग्राहक संरक्षण कायदा यायच्याही आधीची. अशा संस्थांचे कार्यकर्ते तक्रार लिहिण्यासाठी मार्गदर्शन करतात.

पोस्ट टाकण्याआधी

कंपनीला टॅग केलेल्या पोस्टला अनेकदा फोनपेक्षा लवकर उत्तर मिळतं, हे खरं. पण पोस्ट म्हणजे तक्रार नव्हे. आयोगासमोर चालतो तो तक्रार क्रमांक आणि कागद. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा गुन्हा आहे. तारीख, बिल, जॉब कार्ड आणि जे घडलं तेवढंच लिहावं. 'चोर', 'लुटारू' अशी विशेषणं टाळावीत आणि कर्मचाऱ्याचा फोटो किंवा मोबाइल नंबर टाकू नये. बिलाचा फोटो टाकताना स्वतःचा पत्ता आणि चॅसिस नंबर झाकावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डिलिव्हरीच्या कामासाठी घेतलेली बाइक असेल तर ग्राहक कायदा लागू होतो का?
हो. स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायदा 'व्यापारी हेतू' मानत नाही.

बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळतात का?
बुकिंग फॉर्मवरच्या अटींवर ते अवलंबून असतं. कबूल केलेल्या तारखेला गाडी दिली नाही म्हणून बुकिंग रद्द केलं असेल, तर ग्राहकाची बाजू भक्कम राहते. तारीख लिहून घेतलेली हवी.

गाडी दुसऱ्या शहरातून घेतली, सर्व्हिस आपल्या गावात मिळेल का?
वॉरंटी कंपनीची असते. त्यामुळे त्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात ती साधारणपणे लागू होते. खरेदीआधी वॉरंटी बुकमधली अट वाचावी.

डीलर बिल द्यायला टाळाटाळ करत असेल तर?
बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे. तेवढ्या एका कारणावरूनही तक्रार करता येते. पैसे रोख न देता खात्यातून द्यावेत, म्हणजे व्यवहाराचा पुरावा आपोआप तयार होतो.